लावणीतला ताप आणि दुखऱ्या पोटऱ्या: एका लेप्टो केसवरून बॅक्टेरियाची ओळख

ही केस आमच्या सिंधुदुर्गातली, जुलैमधली, ऐन भातलावणीतली. पेशंट म्हणजे पन्नाशीला टेकलेले एक शेतकरी, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात म्हणून इथेही तात्याच म्हणूया, बाकी ओळख घरच्यांशी बोलून काढून टाकलीय. मी लॅबमध्ये काम करतो, मायक्रोबायोलॉजी शिकलोय, म्हणजे उपचाराचे निर्णय माझे नव्हते, ते डॉक्टरांचे, पण तात्यांचं रक्त बऱ्याचदा माझ्याच हातातून गेलं आणि घर ओळखीचं असल्यामुळे पहिल्या तापापासून डिस्चार्जपर्यंत काय काय झालं ते सगळं कळत गेलं. लिहायचं कारण असं की कोकणात पावसाळ्यात लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या आजाराने, माणसं जातात, त्यातली बरीचशी वाचू शकली असती, आणि हा आजार ज्या बॅक्टेरियामुळे होतो त्याची रचना एकदा नीट समजली ना की कुठल्या तापाला घाबरायचं, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी औषध का सुरू करायचं, पेशंटचं पोटॅशियम का तपासायचं, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आता घडलं काय ते. तात्यांचे कुणगे, म्हणजे भातखाचरं, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला आहेत, सखल, पाऊस लागला की पाणी दिवसेंदिवस हलत नाही. त्या वर्षी पाऊस मधे दडी मारून नंतर एकदम कोसळला, त्यामुळे सगळ्यांचीच लावणी एकाच वेळी आली, मजूर मिळेनात, आणि तात्या, काकी, भाऊ, भावजय असे घरचेच सगळे सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलात. पॉवर टिलर भाड्याने आणून चिखलणी केली, तरवा म्हणजे रोपं काढून जुड्या बांधल्या, मग वाकून लावणी, आणि हे सलग दहा-बारा दिवस. तात्यांच्या टाचांना मुळातच भेगा, त्यात पायाच्या बोटांमधे चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून सोललेली. मेरेला म्हणजे बांधाला उंदरांची बिळं होती, पाणी चढल्यावर उंदीर बाहेर पडताना त्यांनीच पाहिले होते. शिवाय घरी गोठा, म्हशी आणि बैल, गोठ्याचं पाणी परड्यातून वाहत जाऊन खालच्या कुणग्यात मिळतं. हे सगळं कोकणातल्या कुठल्याही घराचं वर्णन आहे, म्हणूनच कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

लावणी संपत आली आणि तात्यांना थंडी वाजून ताप भरला. डोकं फुटायला आलं, अंग मोडून आलं. "माका काय जाला नाय, लावणेची दमणूक ती," असं म्हणून मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणलं, ते घेतलं की दोन-तीन तास बरं वाटायचं आणि परत ताप. तिसऱ्या दिवशी एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, तिथे मलेरिया आणि डेंग्यूची टेस्ट झाली, दोन्ही निगेटिव्ह, प्लेटलेट एक लाख दहा हजार. प्लेटलेट कमी म्हटल्यावर घरात डेंग्यू हा एकच शब्द सुरू झाला, पपईच्या पानांचा रस सुरू झाला, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर खिळलं. हे आपल्याकडे फार होतं. प्लेटलेट डेंग्यूत उतरतात, मलेरियात उतरतात, लेप्टोत उतरतात, स्क्रब टायफसमधे पण उतरतात, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून आजाराचं नाव ठरत नाही. पण मोबाईलवर रिपोर्ट येतो, लाल अक्षरात आकडा दिसतो, आणि माणूस बाकी काही विचारतच नाही.

चौथ्या दिवशी डोळे लालभडक झाले, पण चिपडं नाहीत, पू नाही, पाणी पण फारसं नाही, नुसती लाली. आणि पोटऱ्या. काकी तेल लावायला गेल्या तर तात्या ओरडले, "हात लावू नको, पाय जमनीक टेकूक होयना." पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, तेव्हा भावाने त्यांना रिक्षात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं.

तिथल्या मेडिकल ऑफिसर मॅडम तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या. त्यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर सांगतो. रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली, पेशंटच्या दोन्ही पोटऱ्या अंगठ्याने दाबून बघितल्या, खालची पापणी खेचून डोळे बघितले, पायांची बोटं फाकवून मधली कातडी बघितली, आणि मग एकच विचारलं, की गेल्या तीन आठवड्यांत चिखलात किती दिवस होतात. हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर त्यांनी लेप्टो संशयित असं लिहून सलाईन लावलं आणि अँब्युलन्सने मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे त्यांचे नमुने आमच्याकडे आले.

रिपोर्ट असे होते. बिलिरुबिन ५.६, म्हणजे कावीळ चांगलीच. पण एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम, ८८, फार वाढलेलं नाही. क्रिएटिनिन ३.१, किडनीवर ताण. पोटॅशियम ३.०, म्हणजे कमी. प्लेटलेट ६२ हजार. सीपीके, म्हणजे स्नायू दुखावले की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मलच्या कितीतरी पट. आणि लेप्टोची आयजीएम रॅपिड टेस्ट निगेटिव्ह.

ह्या ओळीवर घरचे अडले. भाऊ मला म्हणाला, टेस्ट निगेटिव्ह आहे तर मग लेप्टोचं इंजेक्शन कशाला देतायत? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हा बॅक्टेरिया काय चीज आहे ते सांगावं लागतं.

बॅक्टेरिया म्हणजे एकाच पेशीचा जीव. साधारण एक ते पाच मायक्रॉन लांबीचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या पेशीत डीएनए एका पडद्यामागे, केंद्रकात बंदिस्त असतो, बॅक्टेरियात तसं केंद्रक नसतं, डीएनए आतल्या द्रवात मोकळाच गुंडाळून पडलेला असतो. आत प्रोटीन बनवणारे रायबोझोम असतात पण ते आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे, त्यांचे ७०एस आणि आपले ८०एस, हा फरक लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी हाच कामाला येणार आहे. बाहेरून एक पातळ पडदा, त्यावर बहुतेकांना पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या जाळीदार पदार्थाची भिंत. आपल्या पेशींना अशी भिंत नसतेच. काहींना त्यावर अजून एक बाहेरचा पडदा, काहींना चिकट आवरण, काहींना पोहायला शेपट्या म्हणजे फ्लॅजेला. काही तर परिस्थिती वाईट झाली की जाड कवचाचे स्पोअर करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनी तसलाच, आणि तो पण ह्याच शेणामातीत असतो, म्हणून चिखलात पाय कापला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचंच, लेप्टोचा विषय चालू असला तरी.

वर्गीकरण करायच्या पद्धती बऱ्याच आहेत. सगळ्यात सोपी आकारावरून, गोल ते कोकाय, दांडीसारखे ते बॅसिलाय, आणि पीळदार ते स्पायरल. दुसरी रंगावरून. १८८४ मधे हान्स क्रिश्चन ग्राम ह्या डॅनिश डॉक्टरने एक रंगवायची पद्धत काढली जी आजही आम्ही रोज वापरतो. स्लाईडवर जांभळा रंग टाकायचा, आयोडीन टाकायचं, मग अल्कोहोलने धुवायचं, मग गुलाबी रंग. ज्यांची पेप्टिडोग्लायकॅनची भिंत जाड ते जांभळा रंग सोडत नाहीत, ते ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि वर बाहेरचा पडदा, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते ग्राम निगेटिव्ह. टीबीचा जंतू ह्या दोन्हींत नीट बसत नाही कारण त्याच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात, त्याला वेगळा रंग लागतो. आणि आता डीएनए वाचून नातीगोती ठरवतात, ती पद्धत सगळ्यात खोल जाते.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. बॅक्टेरिया म्हटलं की आजार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण तात्यांच्या त्याच कुणग्यात, त्याच पाण्यात निळे-हिरवे सायनोबॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन भातासाठी जमिनीत आणून देत असतात. कापणी झाल्यावर त्याच जमिनीत कुळीथ किंवा चवळी पेरली की मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम बसलेले असतात, तेही तेच काम करतात. दही लावतो तो लॅक्टोबॅसिलस. आतड्यात तर अब्जावधी आहेत. आजार करणारे ह्या सगळ्या गोतावळ्यात अगदी थोडे, पण त्यातले काही असे की एकदा शरीरात शिरले तर वेळ देत नाहीत, आणि लेप्टोस्पायरा त्यातला.

लेप्टोस्पायरा हा पीळदारांतला, स्पायरोकीट म्हणतात त्या गटातला, सिफिलिस करणारा ट्रेपोनेमा ह्याचाच चुलत भाऊ. लांबी ६ ते २० मायक्रॉन, म्हणजे बॅक्टेरियाच्या मानाने लांबच, पण जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन. अंग सुंभासारखं घट्ट पिळलेलं, आणि टोकांना आकडे, हुकासारखे वळलेले. साध्या मायक्रोस्कोपमधे ०.२ मायक्रॉनच्या खालचं नीट दिसतच नाही, म्हणून भिंतीची घडण ग्राम निगेटिव्हच्या जवळची असूनही ग्रामच्या स्लाईडवर हा सापडत नाही. डार्क फील्ड मायक्रोस्कोप लागतो, त्यात काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणारा, स्वतःभोवती गरगर फिरणारा बारीक तंतू दिसतो, पण रक्तातले फायब्रिनचे धागे पण तसेच दिसतात त्यामुळे त्यावर निदान करणं धोक्याचं. कल्चर करावं, म्हणजे लॅबमधे वाढवावं, तर साध्या मीडियावर, म्हणजे जंतूंच्या नेहमीच्या खाद्यावर, वाढत नाही, त्याला खास मीडिया लागतो, २८ ते ३० अंश तापमान लागतं, आणि वाढतो इतका हळू की रिपोर्ट यायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर गेलेला असतो.

ह्याच्या शेपट्या बाहेर नसतातच. दोन फ्लॅजेला असतात, प्रत्येक टोकाला एक, पण त्या बाहेरच्या पडद्याच्या आत, दोन पडद्यांच्या मधल्या जागेत दडलेल्या. त्या आतून फिरल्या की अख्खं अंगच फिरतं आणि जीव पुढे घुसत जातो. बाकीचे जंतू दाट, चिकट द्रवात अडकतात, हा तिथेही चालतो. तात्यांच्या चिखल्यांनी सोललेल्या बोटांच्या बेचक्यांतून, टाचांच्या भेगांतून त्याला आत जायला ह्यापेक्षा अजून काही लागत नाही. डोळ्यात उडालेलं चिखलाचं पाणी, नाका-तोंडात गेलेलं पाणी, तेही पुरतं. एकदा रक्तात गेला की यकृत, किडनी, फुफ्फुस, मेंदूभोवतीचं पाणी, सगळीकडे पोचतो.

बाहेरच्या पडद्यावर लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. इतर ग्राम निगेटिव्ह जंतूंचा हा पदार्थ आपलं शरीर लगेच ओळखतं आणि बोंब ठोकतं, पण लेप्टोच्या ह्या पदार्थाची ठेवण वेगळी आहे, आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा पहारेकरी रिसेप्टर तो ओळखतच नाही. त्यामुळे सुरुवातीला ह्याला रक्तात मोकळं रान मिळतं. आणि ह्याच पदार्थाच्या बारीक बारीक फरकांवरून लेप्टोचे २५० च्या वर प्रकार पाडलेत, सेरोव्हार म्हणतात त्यांना. इक्टेरोहिमोरेजी नावाचा उंदरांत जास्त, कॅनिकोला कुत्र्यांत, पोमोना डुकरांत, हार्डजो गुराढोरांत. म्हणजे लेप्टो म्हणजे फक्त उंदीर हा समज अर्धाच बरोबर आहे, गोठ्यातलं पाणी पण धरायला हवं. एका प्रकाराविरुद्ध शरीराने अँटीबॉडी तयार केल्या तरी दुसऱ्यापासून संरक्षण मिळेलच असं नाही, म्हणून एकदा लेप्टो झालेल्या माणसाला परत होऊ शकतो.

उंदराला मात्र ह्याचा काही त्रास नाही. त्याच्या किडनीच्या नळ्यांत लेप्टो वस्ती करून राहतो आणि लघवीवाटे महिनोन्महिने, कधी जन्मभर बाहेर पडत राहतो. गोड्या, कोमट, साचलेल्या पाण्यात किंवा ओल्या मातीत तो आठवडे-महिने टिकतो. ऊन, कोरडेपणा आणि खारं पाणी ह्याला सोसत नाही, म्हणून समुद्रावर जाणाऱ्या माणसापेक्षा भाताच्या चिखलात राबणाऱ्याला धोका खूप जास्त, एकाच गावात दोन्ही धंदे असले तरी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे नाव कळलं. पण आमच्याकडे तुंबलेलं पाणी हे काही एका दिवसाचं संकट नाही, ते दरवर्षी मुद्दाम बांध घालून अडवलेलं असतं, त्याशिवाय भात होत नाही.

तर भावाच्या प्रश्नाकडे येतो. आयजीएम टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेल्या अँटीबॉडी शोधते. त्या रक्तात सापडण्याइतक्या तयार व्हायला तापाचे निदान पाच-सात दिवस जावे लागतात. तात्यांचं रक्त पाचव्या दिवशी घेतलं होतं, म्हणजे अगदी काठावर. पहिल्या आठवड्यात पीसीआर उपयोगी पडतो कारण तेव्हा जंतूचा डीएनए रक्तात असतो, पण ती सोय सगळीकडे नसते. पहिल्या आठवड्यातली निगेटिव्ह आयजीएम ही "अजून अँटीबॉडी दिसत नाहीत" इतकंच सांगते, "लेप्टो नाही" असं सांगत नाही, आणि हे रिपोर्ट हातात देताना आम्ही लॅबवाल्यांनी तोंडी सांगायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, पेशंट विचारो न विचारो.

आणि बाकीचे रिपोर्ट लेप्टोकडे बोट दाखवतच होते. व्हायरल कावीळ असती तर एसजीपीटी बहुतेक हजाराच्या घरात गेलं असतं, इथे बिलिरुबिन पाचच्या वर आणि एसजीपीटी शंभरच्या आत, हा पॅटर्न लेप्टोचा. सीपीके वाढलेलं, म्हणजे पोटऱ्या दुखतात ते नुसत्या दमणुकीने नाही. आणि पोटॅशियम. किडनी बिघडली की पोटॅशियम सहसा वाढतं, इथे कमी झालेलं, कारण लेप्टो किडनीच्या नेमक्या त्या नळ्यांना धरतो ज्या सोडियम-पोटॅशियम परत शोषून घेतात, मग ते लघवीतून वाहून जातं. १८८६ मधे हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल नावाच्या डॉक्टरांनी कावीळ, किडनीचा त्रास, ताप असं एकत्र असलेल्या पेशंटचं वर्णन लिहिलं होतं, आज ह्या गंभीर प्रकाराला वाइल्स डिसीज म्हणतात. त्यांना कारण माहीत नव्हतं, ते १९१५ मधे जपानमधे इनाडा आणि इडो ह्यांनी शोधलं, आणि तेही कोळशाच्या खाणीतल्या कामगारांमधे, म्हणजे परत ओल्यात राबणारी माणसंच.

दुसऱ्या शक्यता डॉक्टरांनी सोडल्या नव्हत्या. स्क्रब टायफससाठी काखेत, जांघेत सिगरेटच्या चटक्यासारखा काळा डाग शोधला, नव्हता. मलेरियाची स्लाईड परत केली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या माकडतापाचं नाव घरच्यांनी काढलं, पण तो व्हायरस आहे, गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर असतो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, जुलैत नाही.

सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सुरू झालं, शिरेतून. पेनिसिलीन आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन दोन्ही त्या पेप्टिडोग्लायकॅनच्या भिंतीचं बांधकाम थांबवतात. आपल्या पेशींना भिंतच नाही त्यामुळे आपल्याला तो मार बसत नाही. डॉक्सीसायक्लिन, जी आजार सौम्य असताना तोंडाने देतात, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सात दिवस, ती ७०एस रायबोझोमला धरते आणि जंतूचं प्रोटीन बनणं बंद पाडते, आपले रायबोझोम वेगळे म्हणून आपण वाचतो. ह्या आजारावरची अँटीबायोटिक्स रचनेतल्या ह्या दोन फरकांवरच चालतात.

पहिला डोस गेल्यावर दोन-तीन तासांनी तात्यांना प्रचंड हुडहुडी भरली, कॉट हलायला लागली, ताप अजून चढला, बीपी थोडं खाली आलं. घरच्यांचा धीर सुटला, इंजेक्शन उलटलं, बंद करा म्हणून काकी रडायला लागल्या. सिस्टरनी त्यांना बाहेर बसवून शांतपणे समजावलं की औषधाने जंतू एकदम फुटतात, त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि शरीर त्याच्याशी झुंजतं, म्हणून हे होतं, काही तासांत उतरेल. ह्याला यारिश-हर्क्सहायमर रिअ‍ॅक्शन म्हणतात, स्पायरोकीट गटाच्या जंतूंवर औषध दिलं की होऊ शकते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. पण लक्ष मात्र ठेवावं लागतं, आणि म्हणूनच पहिला डोस दवाखान्यात पडला तर बरं. पहाटेपर्यंत ताप उतरला.

खरी भीती पुढचे दोन दिवस फुफ्फुसांची होती. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होतो, खोकल्यातून रक्त येतं, आणि तसं झालं की माणूस काही तासांत जाऊ शकतो, कावीळ नसताना सुद्धा. ऑक्सिजन दर तासाला बघत होते, छातीचा एक्स-रे दोनदा काढला. सलाईन देताना लघवीचं माप ठेवत होते, कारण पाणी कमी पडलं तर किडनी जाते आणि जास्त झालं तर फुफ्फुसात भरतं. पोटॅशियम भरून काढलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती, लागलं नाही. क्रिएटिनिन चौथ्या दिवसापासून उतरायला लागलं, प्लेटलेट आपल्या आपण चढल्या, एकही पिशवी लावावी लागली नाही. तापाच्या बाराव्या दिवशी परत रक्त घेऊन आयजीएम एलायझा केली, ती ठणठणीत पॉझिटिव्ह. दोन आठवड्यांनी तात्या घरी गेले, कावीळ त्यानंतरही काही दिवस डोळ्यांत होती, अशक्तपणा तर दसऱ्यापर्यंत.

आता घरातले बाकीचे. सगळे त्याच पाण्यात उभे होते, आणि लागण झाल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस, क्वचित महिना लागतो, म्हणजे त्यांचा धोका टळलेला नव्हता. आशाताई घरी येऊन गेल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या मोठ्यांना डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, उरलेली लावणी आणि बेणणी म्हणजे तण काढणं संपेपर्यंत. अंदमानात, जिथे लेप्टो दरवर्षी असतो, तिथे ह्याचा अभ्यास झालाय, त्यात दिसलं की ह्या गोळीने लागण थांबत नाही पण आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. म्हणजे गोळी घेतलीय म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक म्हणून ही गोळी देत नाहीत. जेवल्यावर, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही नाहीतर अन्ननलिकेला भाजल्यासारखं होतं, आणि दुधासोबत नाही कारण कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. आमच्याकडे कित्येक जण रात्री दुधाबरोबर घेऊन झोपतात, त्यामुळे हे मुद्दाम सांगतोय.

गमबूट घाला असं सगळे सांगतात, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, पाय निघतो आणि बूट तिथेच राहतो, शिवाय रोपं हातांनीच लावायची असतात. चिखलणीला, बांधावरच्या कामाला, गोठा धुताना बूट शक्य आहेत, तिथे घालावेत. लावणीत जे जमतं ते असं, की जखम, भेग, चिखल्या असतील तिथे वॉटरप्रूफ पट्टी किंवा ग्लोव्हज, जमलं तर चिखल्या झालेल्या माणसाला त्या दिवशी वरचं काम द्यायचं, आणि घरी आल्यावर हातपाय साबणाने धुऊन नीट कोरडे करायचे. साबण ह्याला सोसत नाही, बाहेरचा पडदाच चरबीचा आहे. गोठ्याच्या पाण्याला तात्यांच्या भावाने ऑगस्टमधे वेगळी चर खणून शोषखड्डा केला. घरच्या कुत्र्याला लेप्टोची लस असते, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते, गुरांच्या डॉक्टरांकडे विचारावं.

भावजयीचं सांगायचं राहिलं. उलट्या होतील म्हणून तिने गोळी घेतलीच नव्हती. तात्या दवाखान्यात असतानाच तिला ताप आला, डोकं दुखायला लागलं, पोटऱ्या धरल्या, आणि ह्या वेळी घरच्यांनी कोणाची वाट बघितली नाही, दुसऱ्याच दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेलं आणि मॅडमना पहिलं वाक्य हेच सांगितलं की ही पण लावणीत होती. टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्सीसायक्लिन त्याच दिवशी सुरू झाली, उलटीची गोळी सोबत देऊन. तीन दिवसांत ताप गेला, कावीळ झाली नाही, क्रिएटिनिन वाढलं नाही, अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही. दहाव्या दिवशी तिचं रक्त परत आलं माझ्याकडे, आयजीएम पॉझिटिव्ह होती.